चकाचक नदी

बंधाऱ्यावरच्या दारवाल्याला सगळे चकाचक म्हणत. चिडवायला म्हणून हे नाव कुणी ठेवलेलं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी. सव्वीस वर्षांपूर्वी तो पाणीखात्यात लागला तेव्हा साहेबांनी त्याला दोन कामं सांगितली होती. बंधाऱ्याची सहा दारं हुकूम येईल तशी वर-खाली करायची, आणि नदीत अडकलेला काडीकचरा बाहेर काढायचा. दारं महिन्यातून दोन-चारदा हलायची. कचरा मात्र रोज यायचा, आणि हा गडी एकदा कामाला भिडला की भिडला.

रोज सकाळी सहाला तो लांब बांबूची आकडी खांद्यावर टाकून निघे आणि बंधाऱ्याच्या वरचा मैलभर काठ पालथा घाली. वाहून आलेली फांदी, उन्मळलेला बुंधा, कुजकं मूळ, काही म्हणून सुटायचं नाही. ते ओढून काढायचं आणि काठावर ढीग लावायचे. त्या ढिगांनाही शिस्त. जाड ओंडके एकीकडे, मुळ्या एकीकडे, काटक्या तिसरीकडे. खात्याने त्याला दोनदा प्रशस्तिपत्रक दिलं होतं. दोन्ही दारांच्या खोलीत टांगलेली होती, आणि त्यांच्या काचा तो स्वतःच्या रुमालाने पुसायचा.

"घरातली मोरी एकदा अशी घासा," बायको म्हणायची, "मीपण देते एक प्रशस्तिपत्रक."

तिचे वडील त्याच नदीवरचे जुने मासेमार, मासेमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष. चकाचक त्यांना मामा म्हणे. मामांची पोरगी त्याच्या घरात आली तेव्हा नदीत ठिपकी नावाचा मासा भरपूर होता. पाणी जरा कोमट झालं की ठिपक्या खालून चढणीला येत, बंधाऱ्याच्या वर जाऊन अंडी घालत. पुढे त्या कमी होत गेल्या, आणि अलीकडची सहा-सात वर्षं तर बंधाऱ्याच्या वर एकही दिसली नव्हती. कुणाचं चुकलं यावर मात्र एकमत व्हायचं नाही. मासेमार कागद कारखान्याच्या गरम पाण्याकडे बोट दाखवत. कारखाना बंधाऱ्याच्या दारांकडे बोट दाखवी. पाणीखातं मासेमारांच्या बारीक जाळ्यांकडे. अशी बोटं दाखवण्यात बरीच वर्षं मजेत गेली.

मग कॉलेजातून एक माशांच्या मॅडम आल्या. अंगाने किरकोळ, पण चिकाटी अशी की समोरच्याने कंटाळून हो म्हणावं. त्यांनी दोन वर्षं तिन्ही ठिकाणी जाऊन चहा प्यायला आणि अखेर तिघांना एका टेबलाशी बसवलं. ठरलं ते असं: बंधाऱ्याच्या वरच्या मैलभरात मासेमारांनी दोन हंगाम जाळं टाकायचं नाही. कारखान्याने गरम पाणी आधी तळ्यात निववायचं, मग सोडायचं. पाणीखात्याने बंधाऱ्याच्या कडेला माशांना चढता येईल असा दगडी उतार करायचा. आणि सगळ्यांनी मिळून त्या मैलभरात माशांसाठी घरं करायची.

त्या बैठकीला चकाचकही होता, मागच्या खुर्चीवर. माशांची घरं हे शब्द कानावर पडले आणि त्याला ते फारच आवडलं. त्याच्या डोळ्यांपुढे सिमेंटच्या नीटनेटक्या पेट्या उभ्या राहिल्या. गोल भोकं, वर नंबर टाकलेले. तो मनात म्हणाला, तुम्ही बांधा, मी ती अशी स्वच्छ ठेवीन की बघत राहाल. पुढचं बोलणं त्याने ऐकलंच नाही, कारण तो पेट्यांना रंग कुठला द्यावा याचा विचार करत होता.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याची बहीण जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तो बारा दिवस तिच्याकडे राहिला. परतला त्या पहाटे घरी पिशवी टाकली, चहा घेतला न घेतला आणि आकडी घेऊन थेट नदी गाठली.

नदी बघून त्याचा तिळपापड झाला.

घरं कुठेच नव्हती. पेट्या नाहीत, नंबर नाहीत, काही नाही. उलट मैलभर पाण्यात ओंडके, उपटलेली झाडं, मुळ्यांची जंजाळं! इतका कचरा त्याने सव्वीस वर्षांत एका वेळी पाहिला नव्हता. त्यातून जागोजागी तारेचे दोर. म्हणजे कारखान्याने आपलं भंगारही नदीत लोटलेलं दिसतंय. बदलीच्या माणसाने बारा दिवस आकडीला हात लावलेला नाही हे तर उघडच होतं. आणि परवा मॅडम पाहणीला येणार! लोकांनी एवढी मेहनत करून पाण्यात घरं बांधली, आणि ती बघायला येणाऱ्यांना दिसणार काय, तर हा उकिरडा.

त्याने बाह्या सरसावल्या. तारा कापायला कात्री आणली, दारांच्या खोलीतली चेनपुली आणली, आणि सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत पाणीसुद्धा न पिता एकट्याने सगळं उपसून काढलं. एकूण एक्केचाळीस नग. ढीग लावले, जाडीप्रमाणे. मग काठावर बसून त्याने नदीकडे पाहिलं. पाणी लख्ख वाहत होतं. घरं अजूनही दिसत नव्हती, पण ती खोल तळाशी असणार अशी त्याने स्वतःची समजूत घातली. त्या क्षणी त्याच्याइतका समाधानी माणूस दहा मैलांत नसेल.

तीनच्या सुमाराला कारखान्याचा फिटर सायकलवरून आला. फिटर म्हणजे चकाचकचा जुना दोस्त; दारांची चाकं अडली की तोच येऊन सोडवायचा. आता तो आपण मारलेल्या गाठी तपासायला आला होता. सायकल टेकवून तो नदीकडे बघतच राहिला.

"कुठे गेली रे?"

"काय?"

"घरं!"

"मीपण सकाळपासून तेच शोधतोय," चकाचक म्हणाला. "दाखव तरी मला, कुठे बांधलीत ती."

फिटरने काठावरच्या ढिगांकडे पाहिलं. मग चकाचककडे. मग पुन्हा ढिगांकडे. आणि तो मटकन खाली बसला.

"ही बघ," तो ढिगाकडे हात करून म्हणाला. "ही घरं. तू लाइनीत रचून ठेवलीस ती."

ऐकलेलं डोक्यात शिरायला चकाचकला वेळ लागला. फिटर सांगत गेला. ठिपकी अंडी घालते ती पाण्यात बुडालेल्या मुळ्यांना चिकटवून. पिल्लं लपतात ती फांद्यांच्या जाळ्यात. म्हणून कारखान्याने वादळात पडलेली आपल्या आवारातली झाडं दिली, मासेमारांनी चार दिवस गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून ती बसवली, आणि गाठी फिटरने मारल्या. पाणी कोमट होत आलंय, दगडी उतारही झालाय. आठवड्याभरात ठिपक्या चढणीला लागतील. या वर्षी त्यांना जागा मिळाली नाही, तर मासेमार दुसरा हंगाम जाळी सुकत ठेवायला तयार होणार नाहीत, आणि मग टेबलही नाही आणि बैठकही नाही.

चकाचकच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला त्या गळ्याइतक्या पाण्यात उभे असलेले मामा दिसले. सत्तरीचा माणूस.

"घाबरू नकोस," फिटर म्हणाला. "वरून पाणी आलं आणि वाहून गेलं, असं सांगू. हे ढीग मी संध्याकाळी ट्रॉलीत घालून कारखान्यात नेतो. कुणी विचारणार नाही."

चकाचकचा जीव भांड्यात पडला. दोस्त असावा तर असा, म्हणत तो घरी आला आणि झालं ते सगळं बायकोला सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"वाहून गेलं म्हणजे गाठी सुटल्या. गाठी कुणी मारल्या होत्या?"

"फिटरने."

"मग बोलणी कुणाला बसणार?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फिटरच्या मात्र नक्की आलं होतं, बोलायच्या आधीच आलं होतं, आणि तरीही तो बोलला होता. चकाचकला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आतून त्या माणसाविषयी इतकं भरून आलं, की त्याला काही वेळ कुठे बघावं ते कळेना.

"उठा," बायको म्हणाली. "आधी फिटरभावजींना सांगा, ट्रॉली आणू नका म्हणून. मग बाबांकडे जा. चहा परत आल्यावर देते."

"मामा काय म्हणतील गं?"

"म्हणतील ते ऐकून घ्या. माझ्या आईने चाळीस वर्षं ऐकलं, तुम्हाला काय धाड भरली?"

मामा दारात जाळं पसरून बसले होते. दोन हंगाम ते लागणार नव्हतं, तरी हाताला चाळा म्हणून त्याची भोकं सांधत होते. डोळे अधू झालेले, पण बोटं न बघता चालत होती. चकाचकने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फिटरने काय सुचवलं तेसुद्धा लपवलं नाही.

मामांची बोटं थांबली.

"किती काढलेत?"

"एक्केचाळीस."

"म्हणजे सगळे. किती वेळ लागला?"

"आठ तास."

"एकट्याने?"

"हो."

"आम्हा चौदा जणांना चार दिवस लागले हो घालायला!" मामा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू थांबेना. चकाचक मान खाली घालून उभा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

मग मामा निवले.

"बसा, जावईबापू. एक सांगतो, रागावू नका. मी लहान होतो तेव्हा ही नदी अशी नव्हती. अर्धी झाडं काठावर आणि अर्धी पाण्यात. जाळं फाटायचं, आम्ही शिव्या घालायचो, पण मासा तिथेच असायचा. मग तुम्ही आलात, आणि नदी आरसा झाली."

चकाचकला हे आतून कुठेतरी दुपारपासूनच कळलेलं होतं, फक्त कुणी उच्चारलं नव्हतं. आज उपसलं ते एक्केचाळीस. सव्वीस वर्षांत किती उपसलं असेल? दोन्ही प्रशस्तिपत्रकं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"मामा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. तुम्ही म्हणालात, वरून हुकूम आहे. म्हटलं, पोरगी दिली आहे त्या घरात, रोज उठून काय भांडायचं?" मामांनी जाळं बाजूला सारलं. "आणि खरं सांगू? मलातरी कुठे नक्की कळत होतं? मी कारखान्यालाच शिव्या घालत होतो. बारीक जाळी आमचीही होतीच की. तुमच्या एकट्याच्या गळ्यात कशाला घालू? लावा, त्या बाईंना फोन लावा."

मॅडमनी सगळं ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "काका, मुळ्या तोडल्यात का?"

"नाही मॅडम. मी तोडत नाही कधी. सोडवून काढतो. रचून ठेवलंय सगळं, जाडीप्रमाणे."

"रचून?" मॅडमच्या आवाजात हसू होतं की रडू ते चकाचकला कळलं नाही. "मग उद्या सकाळी परत घालू. सगळ्यांना बोलवा. तुमच्या साहेबांना मी सांगते."

"नको, मी सांगतो," चकाचक म्हणाला, आणि त्याने सांगितलं. साहेब फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी त्यांनी विचारलं, किती वाजता यायचं.

पहिल्या वेळी काम वाटून दिलेलं होतं. कारखान्याची माणसं सोमवारी येऊन झाडं टाकून गेली, मासेमारांनी ती नंतर बसवली, खात्याची माणसं शुक्रवारी फोटो काढून गेली. भागीदारी होती, पण फिटर सोडला तर कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. आता तेच काम एका दिवसात उरकायचं होतं, त्यामुळे सगळे एकदम आले. कारखान्याची क्रेन आली, चौदा मासेमार आले, फिटर आला, आणि साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. चकाचकला वाटलं, आता एकेक जण आपल्याला सोलून काढणार. एका मासेमाराने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "आता घालायलाही आठ तासच लावा म्हणजे झालं." त्यावर सगळे हसले, आणि तेवढंच. पुढे त्या विषयावर कुणी शब्द काढला नाही. माणसं इतकी चांगली असतात हे त्याला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळत होतं.

मॅडमनी नकाशा उघडला. पहिला बुंधा क्रेनला लटकला आणि खाली यायला लागला, तसा चकाचकला राहवलं नाही.

"तिथे नाही राहायचा तो."

"का हो?" मॅडमनी विचारलं. "नकाशात तर इथेच आहे."

"तिथून मी सव्वीस वर्षांत एक काटकी काढलेली नाही. तिथे काही टिकतच नाही. पाणी खालून ओढून घेतं. आताही तुमच्या तारा होत्या म्हणून अडकलं होतं, एक तार तर निम्मी घासलेली होती."

फिटरने मान डोलावली. तो तीच गाठ तपासायला आला होता.

"मग टिकतं कुठे?"

चकाचकने आकडी उचलली. वळणावरच्या तिरक्या खडकाखाली दाखवलं. "इथे माझा खांदा निखळला होता एकदा." पुढे दोन झाडांच्या मधली खाच दाखवली. "इथे दर आठवड्याला. कितीही काढा, पुन्हा येऊन बसणार." तो काठाकाठाने चालत सुटला आणि मागे सगळी फौज. ज्या ज्या जागांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते, जिथे त्याने नदीला लाखोल्या वाहिल्या होत्या, ती प्रत्येक जागा त्याला पाठ होती. कुठे मूळ वरच्या बाजूला तोंड करून अडकतं, कुठे आडवं. पाणी चढलं की कुठलं सुटतं, उतरलं की कुठलं उघडं पडतं. मॅडम आधी लिहून घेत होत्या. मग त्यांनी नकाशाची घडी करून खिशात टाकली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगाल तिथे."

दिवसभर काम चाललं. दुपारी सगळ्यांनी काठावर डबे उघडले. एक मासेमार कारखान्याच्या माणसाला सांगत होता की तुमचं पाणी सकाळी सोडण्याऐवजी दुपारी सोडलंत तर बरं, सकाळी मासा काठाशी असतो. "अहो, मग आधी सांगायचं ना," तो माणूस म्हणाला, "आम्हाला काय, चाक फिरवायचं!" साहेबांनी तेवढ्यात खिशातून कागद काढून ते टिपून घेतलं. ऊन उतरायच्या आत एक्केचाळिसावं मूळ पाण्यात गेलं.

मग वाट बघणं आलं. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. चकाचक रोज सकाळी काठावर जायचा, पण हात मागे बांधून. सातव्या दिवशी पाण्यात नुसती सावली हलली तरी तो वाकून बघत होता. आठव्या दिवशी तो जेवला नाही. "तुम्हीच अंडी घालणार असल्यासारखं काय करताय?" बायको म्हणाली, पण तिनेही ताट तसंच सारलं.

नवव्या सकाळी तो वळणापाशी पोचला तेव्हा मामा आणि मॅडम कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. काठावर फिटर होता, तीन-चार मासेमार होते, आणि सगळे पाण्यात बघत होते. मामांनी मान न वळवता हाताने खूण केली. या.

चकाचकने चपला काढल्या. सव्वीस वर्षं त्याने या नदीवर काम केलं ते काठावरून, आकडीच्या टोकाने. पाण्यात तो कधी उतरलाच नव्हता. पाणी त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कोमट होतं. पोटरीला काहीतरी गुळगुळीत घासून गेलं, मग आणखी एक. तो दचकून थांबला.

"घाबरू नका, त्याच आहेत," मॅडम कुजबुजल्या. त्यांचा चेहरा ओला होता.

मामांना अंडी दिसत नव्हती, त्यांचे डोळे कधीच तेवढे अधू झाले होते. ते अंगठ्याने पाण्याखालचं मूळ चाचपत होते, जाळ्याची गाठ चाचपावी तसे. त्यांनी चकाचकचं मनगट धरलं आणि त्याचा हात खाली नेला.

"हळू. दाबू नका."

त्याच्या बोटांना आधी मुळाची साल लागली. मग सालीवर बारीक, मऊ, चिकट दाणे. ओळीच्या ओळी. बोटं पुढे सरकली तरी दाणे संपत नव्हते. ते मूळ त्याने ओळखलं. सगळ्यात जड तेच होतं. ढिगात सर्वांत खाली त्यानेच ठेवलेलं.

त्याला खूप बोलायचं होतं. फिटरला, बायकोला, या चौदा माणसांना, ज्यांनी त्याला एका शब्दाने तोडलं नाही त्या सगळ्यांना. कुणाच्याही डोळ्यांत बघायची त्याची छाती होईना, म्हणून तो पाण्याकडे बघूनच म्हणाला, "मामा, तुमचे सगळ्यांचे फार उपकार आहेत हो माझ्यावर."

"ते असू देत," मामा हलकेच म्हणाले. "आता हात काढा, जावईबापू. ती कधीची माझ्या पायाशी थांबली आहे. तिचं अजून व्हायचंय."

चकाचकने हात काढून घेतला.